तळाचं पाणी

रात्रपाळी संपवून घरी आलो तेव्हा
शलाका टेबलावरच झोपली होती,
गालाखाली सराव प्रश्नसंच एकोणतीस,
केसांत खोचलेली पेन्सिल.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
ऑगस्टात फुजैराचे डोंगर पहाटेही निवत नाहीत,
रात्रभर दिवसाचं ऊन परत करत बसतात.

खिडकीतून जहाजं दिसतात,
नांगर टाकून, दिवे लावून ताटकळलेली.
लहानपणी ती मोजायची.
साठपर्यंत पोचली की एखादं हलायचं
आणि पुन्हा एकपासून.
आता मोजत नाही.
साठ जहाजं किती प्रकारे रांगेत उभी राहतील,
तो आकडा ब्याऐंशी अंकी येतो,
एवढंच म्हणाली परवा, जेवताना.

शेजारी उघडी वही : सोडलेले प्रश्न.
सतरावा.
उलट्या शंकूच्या आकाराची टाकी,
मिनिटाला अमुक इतकं तेल आत येतंय,
उंची चार मीटर असताना
पातळी किती वेगाने चढते?
चार पर्याय. चुकलं तर एक गुण उणे.
सोडून दिलं तर शून्य.

मी एकोणीस वर्षं टाक्या मोजतोय.
शंकूची टाकी एकदाही पाहिलेली नाही.
छपरावर चढायचं, वारा कुठून येतोय ते बघायचं,
श्वास धरून झाकण उघडायचं, फीत सोडायची.
पितळी ओळंबा तळाला टेकला की
ते मनगटाला कळतं, डोळ्यांना नाही.
मग ओळंब्याला चोपडलेला मलम पाहायचा :
जिथपर्यंत लाल झाला तिथपर्यंत तळाचं पाणी.
तेवढं वजा.
मग तापमान. दुपारी तेल फुगतं, पहाटे बसतं,
टाकी तीच, तेल तेच, आकडा निराळा.
हे सगळं मी तिला एकदा समजावलं.
तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली,
"बाबा, हे पर्यायांत नाहीये."

तिचं नाव मीच ठेवलं.
बारशाला सगळ्यांना ते फार काव्यमय वाटलं.
मला नुकतंच हे काम मिळालं होतं,
आणि मोजायच्या काठीला चांगला मराठी शब्द काय
ते मी शब्दकोशात शोधलं होतं.

कुडाळहून फोन येतो. पोरीचं गणित?
चाललंय छान.
बाकी काय?
बाकी काही नाही, म्हणतो मी,
निःशेष भाग गेल्यासारखा.
कंपनी छपरांवर रडार बसवतेय,
फीत न सोडता पातळी सांगणारे,
हे सांगत नाही.
व्हिसा डिसेंबरपर्यंत, परीक्षा जानेवारीत,
हेही नाही.
ते खाली राहू देतो.

सतराव्या प्रश्नाच्या समासात बारीक अक्षर :
बाबांना विचारायचं.
खाली तारीख, मे महिन्यातली.
मे महिन्यात मी दिवसा झोपायचो.
पडदे ओढलेले,
आणि दाराबाहेर सुलभाचा दबका आवाज,
हळू गं, बाबा झोपलेत.

पेन्सिल अलगद काढून घेतली.
पहिला शब्द आपोआप उमटला : समजा.
आमचे सामंत सर फळ्यावर इथूनच सुरू करायचे,
घरी खायला असो नसो, समजा.
समजा, त्रिज्या त.
तिच्या पुस्तकात ती आर असते,
पण शंकूला काही फरक पडला नाही.
दोनदा चुकलो. गुणाकारात हातचा विसरलो.
तिसऱ्यांदा उत्तर आलं
आणि दुसऱ्या पर्यायाशी तंतोतंत जुळलं.
कुठेच पाणी वजा करावं लागलं नाही.
एवढं स्वच्छ उत्तर
माझ्या हातून कधी निघालं नव्हतं.
जरा वेळ बघत बसलो.

मग खोडरबर घेतलं आणि सगळं पुसलं,
त्रिज्या, उंची, समजासुद्धा.
तिच्या ओळीखाली फक्त लिहिलं :
विचार.

ती कूस बदलत पुटपुटली, "किती वाजले?"
पावणेपाच, म्हणालो. झोप अजून.

बादली काठाला आली होती.
किती वेगाने, ते पाहिलं नाही.
ओतून आलो.